ऑपरेटरने मशीन थांबवल्यावर काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठवड्याला सत्तर तास काम करावे की नव्वद, यावर गेल्या दोन-तीन वर्षांत पुष्कळ लिहून-बोलून झाले. ‘वर्क कल्चर’ हा शब्दही त्याच ओघात रोज कानावर पडतो. पण ही चर्चा आयटी पार्कच्या फाटकाबाहेर फारशी येत नाही. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली या औद्योगिक वसाहतींत पन्नास ते दोनशे माणसांवर चालणाऱ्या कारखान्यांच्या शेडमधले वातावरण तासांवर ठरत नाही, भिंतीवर रंगवलेल्या सुविचारांवर तर नाहीच. ऑपरेटर स्वतःहून मशीन थांबवून म्हणतो, “साहेब, काहीतरी गडबड आहे.” त्यानंतरच्या पाच मिनिटांत त्याच्याशी कोण कसे वागते, त्यावर ते ठरते.

एक साधा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, घ्या. २५ मिलिमीटरचा बोअर (भोक), वर फक्त २१ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या २१ भागांची सूट, सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) ९० सेकंद. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, झिजत जाते तसा बोअर लहान होत जातो आणि बोअर तपासायच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू, जी सहज आत जायला हवी, ती अडकायला लागते. हे सगळ्यात आधी कळते ऑपरेटरच्या बोटांना. त्याने तिथेच थांबून इन्सर्ट बदलून घेतला, तर बारा मिनिटे जातात, म्हणजे आठ जॉब कमी निघतात. तो गप्प बसला आणि क्वालिटीचा माणूस दोन तासांनी फेरीला आला, तर ऐंशी जॉब संशयात. त्यातले काही डिस्पॅचला गेले असतील तर ग्राहकाच्या दारात माणसे बसवून शंभर टक्के तपासणी आलीच. हे गणित मालकाला कळते, सुपरवायझरला कळते, ऑपरेटरलाही कळते. तरीही ऑपरेटर थांबत नाही. कारण थांबल्यावर त्याला ऐकावे लागते, “आत्ताच थांबवायचं काय नडलं होतं तुझं?” आणि शिफ्ट संपल्यावर एकच प्रश्न येतो, “आकडा किती निघाला?”

मग बिघडलेले जॉब गायब होऊ लागतात. काही चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत तळाशी जातात, काही टूलच्या कपाटामागे राहतात, काही पुढच्या शिफ्टच्या लॉटमध्ये मिसळतात. याला कामगारांचा अप्रामाणिकपणा म्हणणे आम्हाला पटत नाही. खरे सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर खोटे कारखान्यातच शिकवले जाते.

याचे जगातले सर्वात ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, तंटे, खराब गाड्या यांसाठी तो बदनाम होता आणि काहीही झाले तरी गाड्यांच्या जुळणीची लाइन थांबवायची नाही, हा तिथला अलिखित नियम होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही जुनीच. फरक असा की प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. ती ओढली की दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, ठरलेल्या अंतरात दोष सुटला नाही तर लाइन थांबते. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून अमेरिकेतल्या उत्तम दर्जाच्या गाड्यांत गणल्या जाणाऱ्या गाड्या निघू लागल्या. पण हीच पद्धत आपल्या बाकीच्या कारखान्यांत नेणे जनरल मोटर्सला कितीतरी वर्षे जमले नाही. दोरी कुठेही टांगता येते. ती ओढल्यावर मदतीला येणारा माणूस आधी तयार करावा लागतो.

आपल्याकडे घोडे नेमके इथेच अडते. एका सुपरवायझरकडे तीस मशीन असतील तर तो पाच मिनिटांत पोहोचणार कसा? म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी इथे करावा. सहा-सात ऑपरेटरमागे एक गटप्रमुख, शक्यतो मशीनचे सेटिंग येणारा, आणि स्वतःकडे मशीन नसलेला. मशीनवर लाल दिवा. दोन मिनिटांत गटप्रमुख, दहा मिनिटांत सुटले नाही तर सुपरवायझर, अर्ध्या तासात प्रॉडक्शन मॅनेजर स्वतः. आणि पहिले वाक्य ठरलेले: “बरं केलंस थांबवलंस. दाखव.” हे वाक्य सुपरवायझरकडून घोटून घ्यावे लागते, कारण त्याची वर्षानुवर्षांची सवय उलटी असते.

इन्सेन्टिव्हही बदलावा लागतो. चांगल्या जॉबवरच मोजणी, ऑपरेटरने हाक देऊन थांबवलेला वेळ त्याच्या कामाच्या वेळेत धरायचा नाही, म्हणजे त्याचा आकडा त्यामुळे कमी दिसणार नाही, आणि त्याने स्वतः बिघडलेल्या मालाच्या लाल डब्यात टाकलेल्या जॉबची त्याच्याकडून वसुली नाही.

हे सुरू केले की पहिले दोन-तीन महिने रिजेक्शनचा, म्हणजे नापास जॉबचा, आकडा वाढतो. सर्वात जास्त कारखाने इथेच माघार घेतात. मालकाला वाटते, लाड केले म्हणून माणसे बिघडली. प्रत्यक्षात आधी लपलेले जॉब आता उजेडात येत असतात. या काळात रिजेक्शनचा आकडा न बघता दोष घडल्यापासून कळेपर्यंत किती जॉब निघाले, तो आकडा बघावा. तो चाळीसवरून पाचवर येत असेल तर गाडी रुळावर आहे.

शिफ्ट सुरू होतानाची दहा मिनिटांची सभा बऱ्याच ठिकाणी असते, पण तिचे लवकरच भाषण होते. सभा उभ्याने, फळ्यासमोर आणि हजेरीच्या वेळेतच व्हावी. कालचा एक दोष प्रत्यक्ष हातात घेऊन दाखवावा, सुरक्षेची एक गोष्ट, आजचे काम, बस. मालक आले तर त्यांनी शेवटी बोलावे. फळ्यावरचा तासातासाचा आकडा ऑपरेटरने स्वतः लिहावा. प्रत्येक तासापुढे नेमके चाळीसच लिहिलेले दिसले, एकाच पेनाने, एकाच वळणात, तर समजावे की फळा शिफ्ट संपताना एकदम भरलेला आहे.

सूचनापेटीबद्दल एवढेच, की कुलूप लावलेली पेटी काढून टाकावी. सूचना फळ्यावर लिहावी आणि सात दिवसांत होय किंवा नाही, कारणासह, त्याच जागी उत्तर द्यावे.

खरे दुखणे आणखी खोल आहे. अनेक शेडमध्ये मशीनसमोर उभा असलेला मुलगा कंत्राटी असतो आणि सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’, म्हणजे नोकरीत मुद्दाम पाडलेला खंड, मिळणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. सभेत त्याला मागे उभे करतात. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार पडतो, पेढ्यांचा बॉक्स मात्र कायम कामगारांच्या यादीप्रमाणेच वाटला जातो. या मुलाने मशीन का थांबवावे? गेज कसा अडकतो हे बोटांना कळायला वर्षभर तरी लागते आणि आपण त्याला त्याआधीच बाहेर काढतो. मग नव्या मुलाच्या हातून तेच जॉब पुन्हा बिघडतात आणि आपण त्याला ‘स्किल गॅप’ म्हणतो. निदान गेज आणि सेटिंग शिकलेल्या मुलांना तरी कायम करावे. त्यांच्या पगाराचा फरक एका परत आलेल्या लॉटच्या खर्चापुढे काहीच नाही.

उद्योग संघटना दरवर्षी उत्तम कारखान्यांना पुरस्कार देतात, आपले दैनिक त्यांच्या बातम्या छापते. परीक्षकांना आणि आपल्या बातमीदारांना विनंती, की तिथे एक प्रश्न जरूर विचारावा: गेल्या महिन्यात ऑपरेटरने स्वतःहून मशीन किती वेळा थांबवले? उत्तर ‘एकदाही नाही’ असे आले, तर शेडमध्ये जाऊन चिप्सची ट्रॉली तळापर्यंत उपसून बघावी.

आपले,
उत्पादन व गुणवत्ता विभागांत काम करणारे काही वाचक, भोसरी