स्पिनालोंगा बेटावर न उतरवल्याबद्दल आणि बसमध्ये वापरलेल्या शब्दाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ग्रीस सहलीच्या सहाव्या दिवशी छापील कार्यक्रमाप्रमाणे स्पिनालोंगा या क्रीटजवळच्या, पूर्वी कुष्ठरुग्णांची वसाहत असलेल्या बेटावर न उतरवणे, तसेच टूर मॅनेजरने कुष्ठरुग्णांविषयी व आम्हा उभयतांविषयी वापरलेली भाषा.

महोदय,

गेल्या मे महिन्यात आपल्या कंपनीच्या ११ दिवसांच्या ग्रीस सहलीला मी आणि माझी पत्नी आलो होतो. बुकिंगची पावती, छापील कार्यक्रमपत्रिका आणि आम्ही आमच्या खिशातून काढलेली बोटीची व प्रवेशाची तिकिटे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. परत आल्याबरोबर मी फोन केला होता. तक्रार नोंदवून घेतली असे सांगण्यात आले आणि चार दिवसांनी पुढच्या सहलीवर पाच हजार रुपयांच्या सवलतीचे कूपन आले. ते मी वापरणार नाही. मला उत्तर हवे आहे, म्हणून हे पत्र.

अथेन्स, सँटोरिनी, क्नोसॉसचा राजवाडा हे सारे ठरल्याप्रमाणे झाले. जेवणाची सोय चांगली होती, वयस्कर मंडळींच्या सामानाची काळजी घेतली गेली. त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार एकाच दिवसाची आहे, पण आम्ही इतर सहली सोडून ही सहल घेतली ती त्याच दिवसासाठी.

मी अमरावती जिल्ह्यात ३१ वर्षे कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. गावोगाव फिरून अंगावरचे फिकट, बधिर चट्टे शोधायचे, कोपराजवळची नस चाचपून पाहायची, औषधाची पाकिटे घरपोच द्यायची आणि घरच्यांना सांगायचे की बाबांनो, याचे ताट-वाटी वेगळे करू नका. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे कुष्ठरुग्णांसाठीचे तपोवन आमच्या गावातले, बाबा आमट्यांचे आनंदवन आमच्या विदर्भातले. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी आम्हाला स्पिनालोंगाविषयी सांगितले होते. तेव्हापासून ते बेट बघायचे मनात होते. पेन्शनीतून पैसे साठवायला वेळ लागला. बुकिंगच्या वेळी मी आपल्या कार्यालयात समोर बसून विचारले होते, "बेटावर उतरवणार ना?" आपल्या कर्मचाऱ्यांनी पत्रिकेतल्या ओळीवर बोट ठेवून सांगितले, "हो काका, तीन तास आहेत." ती ओळ अशी आहे: "एलुंडा, नावेतून स्पिनालोंगा बेट, किल्ला व वसाहतीची पाहणी."

आता प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. क्रीटमधल्या इराक्लिओन शहराहून एलुंडा गाव साधारण ७० किलोमीटर आहे. सकाळी साडेआठला निघालेली बस वाटेत ऑलिव्ह तेलाच्या आणि चामड्याच्या वस्तूंच्या दुकानांपाशी दीड तास थांबली. ही दुकाने पत्रिकेत नव्हती. आयोस निकोलाओस ओलांडून घाट चढल्यावर खाली एलुंडाची खाडी दिसली, तेव्हा मी पत्नीचा हात धरला. गावात शिरल्यावर मात्र बस धक्क्याकडे गेलीच नाही. ती एका पंचतारांकित रिसॉर्टच्या फाटकाशी उभी राहिली. दोन तास तिथे. खोल्यांना जोडलेले खासगी तलाव दाखवले, किनाऱ्यावर फोटो झाले, जेवण झाले. १९८४ साली फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ आणि लिबियाचे गद्दाफी यांची भेट याच गावात झाली होती, ही माहिती मॅनेजरने रंगवून सांगितली. रिसॉर्टवर माझा राग नाही. त्या गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटत असेल आणि ज्यांना तिथला थाट बघायचा होता त्यांना तो जरूर दाखवावा. पण तो आमच्या तीन तासांतून का?

त्याच खाडीत ओलुस नावाचे प्राचीन नगर पाण्याखाली गेले आहे. समुद्र शांत असला की भिंतींचे दगड वरून दिसतात. जवळच जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाची लहान खड्यांनी मासे चितारलेली फरशी आहे, व्हेनिसच्या काळातली मिठागरे आहेत. १९३० च्या दशकात लंडनहून हिंदुस्थानाकडे येणारी समुद्री विमाने याच पाण्यावर उतरत. आपल्या प्रवाशांना ही गोष्ट ऐकायला केवढी आवडली असती! यातले एक अक्षर कुणी बोलले नाही.

दोन वाजता आम्हाला एका भाड्याच्या बोटीत बसवले. बोट बेटाला चक्कर मारून परत फिरली. धक्का समोर, लोक उतरताना दिसताहेत, आणि आपली बोट लांबून वळते आहे. मी विचारले तेव्हा मॅनेजर म्हणाले, "काका, प्रवेशाची तिकिटं पॅकेजमध्ये नाहीत. आणि उतरून बघणार काय? महारोग्यांची पडकी घरं आहेत. मरायला आणून टाकायचे त्यांना इथे." बोटीत ३४ माणसे होती, त्यांत दोन शाळकरी मुले. सगळ्यांनी हे ऐकले.

बस पाचला निघणार होती. आम्ही दोघांनी साडेतीनच्या नेहमीच्या प्रवासी बोटीची तिकिटे काढली आणि स्वतः गेलो. बेटावर जेमतेम ४५ मिनिटे मिळाली. जे तीन तासांत दाखवायचे होते, ते आम्ही धापा टाकत पाहिले.

आपल्या टूर मॅनेजरना कळावे म्हणून तिथे काय आहे ते लिहितो. किल्ला व्हेनिसच्या लोकांनी १५७९ मध्ये बांधायला घेतला. १६६९ मध्ये क्रीटची राजधानी तुर्कांकडे गेली, तरी हे बेट १७१५ पर्यंत व्हेनिसकडेच राहिले. नंतर तिथे तुर्क कुटुंबांची वस्ती झाली. १९०३ साली क्रीटच्या सरकारने कुष्ठरुग्णांना या बेटावर ठेवायचे ठरवले आणि वसाहत १९५७ पर्यंत होती. रुग्ण ज्या अंधाऱ्या बोगद्यातून आत जात त्याला 'दान्तेचे द्वार' म्हणतात. पलीकडे काय वाढून ठेवले आहे हे माहीत नसायचे, म्हणून ते नाव. त्या बोगद्यात मी थांबलो. माझ्या हाताखालून गेलेले किती चेहरे तिथे आठवले, ते या पत्रात लिहिता येणार नाही.

पण बोगद्यापलीकडे काय आहे? गल्ली आहे. दोन्ही बाजूंना घरे, दुकानांची दारे, कॉफी पिण्याची जागा, सेंट पँटेलिमॉनचे चर्च. माणसे इथे मरायला आली असतील, पण ती जगली. लग्नाला बंदी असताना त्यांनी लग्ने केली, मुले वाढवली, बाजार भरवला. एपामिनोन्दास रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी १९३६ साली रुग्ण म्हणून तिथे आला आणि त्याने रुग्णांची संघटना उभारून माणसासारखे जगण्याचे हक्क मागितले. सल्फोन औषधे आली, माणसे बरी होऊ लागली आणि अखेर वसाहत बंद झाली. तरी मृतांच्या स्मरणार्थ प्रार्थना करण्यासाठी एक धर्मगुरू १९६२ पर्यंत बेटावर राहिले. हे "पडकी घरं" या दोन शब्दांत मावणारे नाही. अशा माणसांना हात जोडायला मी तिथवर गेलो होतो.

पावणेपाचला आम्ही बसपाशी पोहोचलो. पंधरा मिनिटे आधी. पायरी चढताना मॅनेजरने सॅनिटायझरची बाटली पुढे केली आणि माइकवर म्हणाले, "काका-काकू महारोग्यांच्या बेटावरून आलेत, जरा लांबच बसा रे." बस हसली. शेजारच्या बाईंनी सीटवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. माझी पत्नी इराक्लिओन येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ३१ वर्षे मी रोज रुग्णांचे हात हातात घेतले, त्यांच्या घरचा चहा प्यायलो, आणि ती त्याच हातांनी आणलेला भाजीपाला शिजवत आली. तिला हे चारचौघांत ऐकावे लागले.

त्या रात्री हॉटेलवर एक सहप्रवासी आमच्या खोलीत आले. दार लावून घेतले. त्यांच्या आईला हा आजार झाला होता, औषधाने ती पूर्ण बरी झाली, पण सासरच्या मंडळींना आजवर सांगितलेले नाही, असे ते म्हणाले. बसमध्ये हसणाऱ्यांत तेही होते. "न हसून करतो काय, कुणाला शंका आली असती," हे त्यांचे शब्द. ते कोण, हे मी आपल्याला सांगणार नाही. आपण शोधूही नये.

साहेब, 'महारोगी' हा शब्द मी एवढा लावून का धरतो आहे ते समजून घ्या. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. हात लावल्याने तो जडत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद उपजतच असते. बहुविध औषधोपचार सुरू झाला की रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो आणि ती औषधे आपल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. १८९८ चा कुष्ठरुग्णांना डांबून ठेवणारा कायदा आपल्या देशाने २०१६ मध्ये रद्द केला. २०१९ मध्ये हा आजार घटस्फोटाचे कारण म्हणूनही काढून टाकला. कायदे गेले, पण शब्द राहिला. हा शब्द ज्याने ऐकला तो अंगावरचा चट्टा शर्टाखाली लपवतो. वर्ष जाते, दोन वर्षे जातात, मग बोटे वाकतात, पायाला जखमा होतात. सहा महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी थांबले असते ते मग आयुष्यभर राहते. मी अशी बोटे पाहिली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकामागे कुणाची तरी अशीच थट्टा होती. कित्येक दशके ओस पडलेल्या दगडांना हात लावल्याबद्दल सॅनिटायझर देणे म्हणजे त्या बसमधल्या मुलांना तीच भीती शिकवणे.

माझी मागणी अशी. सहाव्या दिवसाच्या खर्चाचा आमच्या दोघांच्या वाट्याचा भाग आणि सोबत जोडलेल्या चार तिकिटांची रक्कम कूपनाच्या रूपात नव्हे, खात्यात परत करावी. त्या सहलीतल्या सर्व प्रवाशांना कंपनीतर्फे लेखी कळवावे की बसमध्ये सांगितलेली माहिती चुकीची होती आणि त्याबद्दल कंपनीला खेद आहे. त्या पत्रात आमचे नाव नसले तरी चालेल. आपल्या संकेतस्थळावर या बेटाचे वर्णन "महारोग्यांचे भुताळी बेट" असे आजही आहे, ते बदलावे. आणि पुढच्या तुकड्यांना बेटावर खरोखर उतरवावे. तिकीट पॅकेजमध्ये नसेल तर तसे छापावे.

त्या टूर मॅनेजरला नोकरीवरून काढावे अशी माझी इच्छा नाही. पोरगा मेहनती आहे. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात म्हणून अथेन्सला त्यानेच व्हीलचेअर मिळवून दिली होती. त्याला कुणी शिकवलेच नाही. आपण आपल्या टूर मॅनेजरना वर्षातून एकदा प्रशिक्षण देता असे ऐकतो. त्यात मला एक तास द्यावा. मानधन नको, येण्याजाण्याचा खर्च मी करीन. चट्टा कसा ओळखायचा आणि रुग्णाविषयी कसे बोलायचे, एवढेच सांगेन.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागीन. अर्ज तयार आहे. पण आधी आपले उत्तर यावे असे मनापासून वाटते.

कळावे,

आपला,
एक ज्येष्ठ नागरिक व प्रवासी, अमरावती

सोबत: पावती, कार्यक्रमपत्रिका, बोटीची दोन व प्रवेशाची दोन तिकिटे यांच्या प्रती