"कुणाला सांगणार नाहीस ना?"

प्रिय मित्रा,

तू सहायक रेक्टर झालास हे आईकडून कळलं. फार बरं वाटलं. मागे, मी इथे अमेरिकेत आर.ए. म्हणजे रेसिडेंट असिस्टंट झालो तेव्हा, फोनवर तू विचारलं होतंस, "आर.ए. म्हणजे आपल्या हॉस्टेलचा जीएसच ना?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता तूही त्याच कामात पडलायस, म्हणून सविस्तर लिहितो.

आर.ए. हा मुलांमधलाच एक, पण विद्यापीठाने नेमलेला. माझ्या मजल्यावर ३४ मुलं आहेत, बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच घर सोडलेली. मोबदल्यात खोली आणि मेसचं जेवण. कर्ज काढून आलेल्याला हा केवढा आधार, ते तुला वेगळं सांगायला नको. पण ज्यांच्याबरोबर संध्याकाळी कॅरम खेळायचा, त्यांच्याच नावाने रात्री रिपोर्ट लिहायची वेळ येते.

गेल्या दिवाळीत कॉरिडॉरमध्ये तेलवातीचा वास आला. आमच्या डॉर्ममध्ये उघडी ज्योत चालत नाही, उदबत्तीसुद्धा नाही. बघतो तर नाशिकच्या मुलाच्या खिडकीत दोन पणत्या. "दादा, आजच्या दिवस," म्हणाला. मी त्या विझवायला लावल्या आणि रिपोर्टही लिहिला, कारण त्याच आठवड्यात शेजारच्या मुलाचा मेणबत्तीवरून लिहिला होता. आपला म्हणून याला सोडलं असतं, तर त्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने भेटलो असतो? पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रात्री बारानंतर माझी फेरी असते. बाहेरच्या दारात कुणी चप्पल, खोकं असं काही अडकवून ठेवलं असेल तर ते काढतो. मुलं वैतागतात. पेनसिल्वेनियातल्या लीहाय विद्यापीठात १९८६ साली जीन क्लेरी या पहिल्या वर्षाच्या मुलीचा तिच्याच खोलीत खून झाला. खुनी तिथलाच विद्यार्थी होता, आणि आपोआप बंद होणारी दारं अशीच टेकू लावून उघडी ठेवलेली होती. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. आवारातले गुन्हे विद्यापीठाला जाहीर करावे लागतात, आणि असं काही आमच्या कानावर आलं तर ते वर कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. ट्रेनिंगमध्ये हे सगळं शिकवलं होतं. तरीही मी चुकलो.

पहिल्याच सत्रात रात्री पावणेदोनला दारावर टकटक झाली. एक मुलगा उभा होता. चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत होता, सोडवत होता, पुन्हा गुंडाळत होता. "कुणाला सांगणार नाहीस ना?" त्याने विचारलं. आणि मी म्हणालो, "नाही रे, बोल." आपल्या हॉस्टेलवर आपण एकमेकांना असंच म्हणायचो ना? मग तो बोलला. तीन आठवड्यांपासून त्याला जगावंसं वाटत नव्हतं.

मला ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यांना फोन करावाच लागला. त्याच्यासमोरच केला, चोरून नाही, एवढंच. समुपदेशक येईपर्यंत मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून होतो. तो एकदाच बोलला, "तू म्हणाला होतास." फोन केला याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आधी दिलेल्या शब्दाचा आहे. तो शब्द माझ्या हातातला नव्हताच. तो बरा झाला, वर्गातही जायला लागला, पण माझ्याशी वर्षभर बोलला नाही.

आता कुणी दारात आलं की मी आधी सांगतो, "बस. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल, किंवा कुणी जबरदस्ती केली असेल, तर मला पुढे सांगावं लागेल. कुणाला सांगितलं ते तुला कळेल, आणि मी तुझ्याबरोबर येईन." बहुतेक जण तरीही बसतात. एक मुलगी मात्र हे ऐकून "काही नाही, सहज आले होते" म्हणत निघून गेली. मी तिला गुप्तता पाळणाऱ्या समुपदेशन केंद्राचा नंबर दिला, दोनदा विचारपूसही केली. ती तिथे गेली की नाही, मला माहीत नाही. रात्री फेरी मारताना तिच्या दाराशी पाय रेंगाळतो.

आपल्याकडे १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे, पण पहिल्या वर्षाचं पोरगं रेक्टरच्या ऑफिसात तक्रार घेऊन जात नाही, हे आपण दोघांनी पाहिलंय. ते येईल तर तुझ्या खोलीवर, रात्री, आणि हाच प्रश्न विचारेल. तू काय सांगणार आहेस, ते मला लिही. आणि त्या मुलीच्या बाबतीत तू काय केलं असतंस, तेही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
रूम नंबर १४ मधला पार्टनर