बिरेस्तार म्हणजे गुरुवार

म्हापसा, शुक्रवार रात्र

प्रिय सुहास,

तुझा तो लांबलचक फॉरवर्ड वाचला. नाताळ सूर्यदेवाकडून ढापला, ईस्टर ही बाबिलोनची देवी इश्तार, इंग्रजी वार सगळे जुन्या देवांचे, आणि खाली 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'. फोनवर बोलायला घेतलं तर आपण नेहमीसारखे भांडू, म्हणून लिहायला बसलो.

इश्तारला आधी रजा देऊ. कानाला सारखं लागतं, यापलीकडे त्यात काही नाही. बीड नावाच्या इंग्रज मठवासीयाने इ.स. ७२५ मध्ये लिहून ठेवलंय की आपले पूर्वज एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला एओस्त्रे या देवीचं नाव देत, आणि तेच पुढे सणाला चिकटलं. या देवीबद्दलची सगळी मदार त्याच्या या दोन ओळींवर आहे. बरं, हा प्रश्न इंग्रज आणि जर्मन लोकांचा. इथे गोव्यात त्या सणाला 'पास्कांचें फेस्त' म्हणतात. पोर्तुगीज 'पाश्कोआ'वरून, आणि तो शब्द ज्यूंच्या पेसाह या सणावरून आलेला. तुझा फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी बोलणारेच वाटतात, हीच त्याची गोची.

नाताळाचं मात्र मी झटकून टाकणार नाही. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चं देऊळ उभारलं. पुढे ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात २५ डिसेंबरपुढे सूर्याचा जन्मदिवसही नोंदलाय आणि त्याच पोथीत दुसऱ्या यादीत येशूचाही. कोणी कोणाचा दिवस घेतला यावर पंडित अजून भांडतात. काहींच्या मते २५ मार्चला गर्भधारणा धरली आणि नऊ महिने मोजले, इतकंच. मला गंमत वाटली ती वेगळीच. त्या पंचांगात सूर्याच्या वाढदिवसाला शब्द आहे 'नातालिस'. त्याचंच पोर्तुगीजमध्ये 'नाताल' झालं, आणि आपण शाळेपासून 'नाताळची सुट्टी' म्हणत आलो. आणि दक्षिणायन संपल्याचा आनंद आपणही करतोच की, फक्त आपली संक्रांत सरकत सरकत १४ जानेवारीला येऊन बसलीय.

आता वार. खरं तर एवढं पत्र मी त्यांच्यासाठीच लिहितोय.

रोमन लोकांनी वारांना ग्रहांची नावं दिली, जर्मन टोळ्यांनी त्यांत आपले देव बसवले. बुधाच्या जागी वोडन, गुरूच्या जागी विजांचा थोर, शुक्राच्या जागी फ्रिग. म्हणून वेनस्डे हा बुधवारच आणि थर्सडे गुरुवारच. क्रम तोच, कारण हिशेब तोच, आपल्या पंचांगातल्या होऱ्यांचा, म्हणजे तासांचा. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे एकेका होऱ्याचे मालक लावत जा; चोवीस होरे संपले की शनिवारनंतर पंचविसावा रवीचा येतो. आणि 'होरा' हा शब्दच ग्रीक! मध्य प्रदेशातल्या एरणच्या ४८४ सालच्या गुप्तकालीन शिलालेखात 'सुरगुरूचा दिवस' आहे, म्हणजे गुरुवार. वाराची नोंद असलेल्या आपल्याकडच्या अगदी जुन्या लेखांत तो येतो. तेव्हा ढापाढापीचा हिशेब काढायचा तर आपल्याही वहीत उधारी निघेल.

आता पुढचं ऐक. सहाव्या शतकात पोर्तुगालमधल्या ब्रागाचा बिशप मार्टिन या नावांवर भयंकर चिडला होता. ज्या भुतांनी एकही दिवस घडवला नाही त्यांची नावं दिवसांना कशाला, असं त्याचं म्हणणं. आणि पोर्तुगीजांनी खरोखर नावं टाकली! सोमवार ते शुक्रवार नुसते आकडे: दुसरी फेयरा (म्हणजे वार), तिसरी फेयरा, शुक्रवार सहावी. शेजारच्या स्पेनमध्येसुद्धा मंगळ, बुध, शुक्र अजून ठाण मांडून आहेत.

मग हेच पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणलं, १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत कोंकणी सोडा. साडेचारशे वर्षांच्या राज्यानंतर आज माझ्या घरमालकीणबाई, ज्यांचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चुकत नाही, त्या वार कसे म्हणतात? आयतार, सोमार, मंगळार, बुधवार, बिरेस्तार, शुक्रार, शेनवार. बिरेस्तार म्हणजे बृहस्पतिवार, राजा! आपण पुण्या-साताऱ्याकडे सुटसुटीत 'गुरुवार' म्हणून मोकळे झालो, आणि देवगुरूचं अख्खं नाव जपलं ते इथल्या बार्देस तालुक्यातल्या क्रिस्तांवांनी, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी. रविवारी चर्चमध्ये जायचं तेही 'आयतारा', आदित्याच्या वारी.

मी हे सगळं त्यांना रंगवून सांगितलं. मासळी साफ करत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बिरेस्तार म्हळ्यार बिरेस्तार." आणि खवल्यांची ताटली माझ्या हातात दिली, मांजराला घालायला.

आज बाजारात गेलो होतो. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, तुला माहीतच आहे. चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या तिखट सॉसेजांच्या माळा, पोतीभर सुक्या मिरच्या, मातीची भांडी, पाय ठेवायला जागा नाही. 'फेयरा' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ बाजारसुद्धा होतो, इथे फेस्ताची 'फेरी' भरते ती त्यावरूनच. म्हणजे पोर्तुगीजांनी वाराला आकडा दिला, त्याला 'फेयरा' जोडलं, आणि इथल्या लोकांनी बाजाराला परत शुक्राचा वार दिला. चोरीसवालीला विचारलं, पुढच्या वेळी तिखट जास्त घालून ठेवाल का, तर म्हणाली, "शुक्रारा यो."

तू पण ये. बिरेस्तारच्या रात्रीच्या गाडीने निघालास तर सकाळी बाजार सापडेल. काकूंना नमस्कार सांग. तो फॉरवर्ड आणखी कोणाला पाठवला असशील तर हे पत्रही पाठव. फोटो काढून पाठवलंस तरी चालेल, अक्षर तेवढं सांभाळून घ्यायला सांग.

तुझा,
विनू