लग्नपत्रिकेला सेन्सॉरचा शिक्का

संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात पुतणीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि घरात जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाय. मामाचं नाव काकांच्या खाली गेलं, 'श्रीकृपेंकरून' मधला अनुस्वार उडाला, आत्याच्या मुलाची डिग्री राहिली, आणि प्रेसवाला म्हणतो आत्ताच फायनल करा, उद्या संध्याकाळी छापून घेऊन जा. या गोंधळात आमचे ९१ वर्षांचे आबा सोप्यावर बसून एवढंच बोलले, "आमच्या लग्नाची पत्रिका आधी सेन्सॉरला गेलेली."

पोरांना वाटलं आबा मस्करी करतायत. मस्करी नाय. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरने पास केल्याशिवाय छापता येत नव्हती. आबांचे वडील हाताने लिहिलेला मजकूर घेऊन फोंड्याहून पणजीला हेलपाटे घालत होते, एकदा साहेब नाय, एकदा कागद सापडत नाय, मुहूर्त आठ दिवसांवर आला तरी शिक्का नाय, शेवटी अर्ध्या गावाला तोंडी आमंत्रण दिलं आणि पत्रिका लग्न झाल्यावर आल्या. त्यातली एक अजून आबांच्या ट्रंकेत आहे. आता प्रूफ फॅमिली ग्रुपवर पास व्हावं लागतं, आणि आमची आत्या त्या सेन्सॉरपेक्षा कडक आहे ही गोष्ट वेगळी.

हे पत्र लिहायचं कारण म्हणजे १९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की फिरायला लागणारे ते फॉरवर्ड, की पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, वेळी बरं होतं, स्वस्ताई होती, शिस्त होती, दारं उघडी टाकून लोक झोपायचे. बाहेरचा माल बाजारात मिळायचा हे आबाही कबूल करतात. पण ती शिस्त कसली होती ते पण लिहा की. म्हापशाचे डॉक्टर पुंडलिक गायतोंडे १९५४ साली एका खाजगी मेजवानीत होते, गोवा म्हणजे पोर्तुगालच असा सूर निघाला तेव्हा ते म्हणाले की माझा निषेध आहे, बस्स, तेवढ्यावर अटक आणि सरळ पोर्तुगालला रवानगी. जेवणाच्या टेबलावर बोललेल्या वाक्यासाठी! आणि गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे, गोवा १९६१ ला सुटला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते, सुटले १९६९ च्या जानेवारीत. गोव्याबाहेरची माणसं आपल्यासाठी एवढी आत बसली आणि आपण त्या दिवशी सुट्टी आहे म्हणून बीचवर.

मला स्वतःला स्वातंत्र्य दिसतं ते ग्रामसभेत. रविवारी सकाळी पंचायतीच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एक चालणारा आणि एक न चालणारा माईक, आणि मागच्या रांगेतली बाई उभी राहून सरपंचाला विचारते की डोंगर कापायला परवानगी दिली कोणी, ठराव वाचून दाखव. सरपंच घाम पुसतो. सेक्रेटरी मिनिट्स लिहायचं नाटक करतो. बाई नंतर बाजार करून घरी जाते, तिला कोणी उचलत नाय. अशाच आरडाओरड्यातून २००७ च्या जानेवारीत सरकारला कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा अख्खा 'प्रादेशिक आराखडा २०११' मागे घ्यावा लागलेला, विसरलात काय?

आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात जायचं का वेगळं राहायचं ते लोकांना विचारलं. पोर्तुगीजांनी ४५१ वर्षांत गोवेकराला राहायचं कुठे हे कधी विचारलं नव्हतं. आबांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात जायला, मत दिलं, त्यांच्या धाकट्या भावाने दोन पानांवर, म्हणजे वेगळं राहायला, त्यावरून दोघं पुढची चतुर्थी येईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. आबांची बाजू हरली. अजून त्यांना ते पटलेलं नाय, अजून तावातावाने बोलतात, आणि निकाल मात्र मानतात.

आपल्याकडे सगळं गोड आहे असं नाय म्हणत मी. १९७५ ला आणीबाणीत आपल्याच सरकारने पेपरांवर सेन्सॉर बसवलेला, तेव्हाही बातम्या आधी अधिकाऱ्याला दाखवाव्या लागायच्या. पण १९७७ ला लोकांनी मत देऊन ते सरकार घरी बसवलं, सालाझारला मतपेटीतून कोण हटवणार होतं?

असो, पत्र लांबलं, काटछाट करायची तर खुशाल करा पण गायतोंडे आणि रानडे ठेवा. पत्रिकेचं चौथं प्रूफ आत्ताच आलंय, अनुस्वार आला पण आता मुलाचं आडनाव चुकलंय.

आपला,
एक वाचक, फोंडा