गाडी सुटल्यावर सायलीला

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

दादरच्या फलाटावर, तुझ्या बँडच्या पोरांसमोर मी तुझ्या कानांवरून तसं बोलायला नको होतं. गाडी हलली तरी तू दारात आली नाहीस. घरी येऊन लिहायला बसलोय. कानाचा विषय काढणार नाही, असं आईला कबूल केलंय.

परवा कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि तू विचारलंस, "झाली का एक तरी?" तुझा डावा कान ओट्याकडे होता. गेल्या कार्यक्रमानंतर चार दिवस कानात किणकिण वाजतेय हे तू आईला सांगितलंस, मला नाही. का, ते कळतं मला.

तुला अण्णा, तुझे आजोबा, आठवतात ते टीव्हीचा आवाज वाढवणारे. मला त्याआधीचे आठवतात. पंचवीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, होते. शेकडो साचे एकदम खडखडायचे, माणसं खुणांनी बोलायची. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पण रात्री दचकून उठायचे आणि विचारायचे, "भोंगा झाला का?" भजनात पखवाज वाजवायचे. ऐकू येईनासं झालं तेव्हा पेटीवाल्याच्या बोटांकडे बघून ताल धरायचे. एका एकादशीला ताल सुटला, सगळे गप्प झाले. घरी येऊन त्यांनी पखवाज स्वतःच माळ्यावर ठेवला. चौथीत असताना तोच तू खाली ओढून काढलास.

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं गं. तुला सांगणारे आहेत. ८५ डेसिबल आवाज कानाला ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. तुमचा सेट पाऊण तासाचा. सरावाच्या जॅमरूममध्ये चार-चार तास, बंद खोलीत, ड्रमची क्रॅश झांज तुझ्या कानाशी. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, सूर न बिघडवता सगळाच आवाज खाली आणतात. कानाच्या आत ऐकू आणणारे बारीक केस असतात, ते एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत...

झालं, पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर.

तुझ्या वाजवण्याला माझा विरोध आहे असं मनात आणू नकोस. मी धोबीतलावला नोकरीला होतो तेव्हा एकदा ऑफिस सुटल्यावर रंगभवन या खुल्या नाट्यगृहाच्या भिंतीबाहेर तासभर उभा होतो. आत इंडिपेंडन्स रॉक चालू होतं, रॉक बँडचा महोत्सव, १९८६ पासून व्हायचं ते. तिकिटाचे पैसे नव्हते. शब्द कळत नव्हते, पण ड्रम छातीत वाजत होता. आपल्याच मुंबईची पोरं, रॉक मशीनसारखे बँड, दुसऱ्यांची गाणी सोडून स्वतःची वाजवत होती, हे मला फार मोठं वाटलं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमापायी रंगभवनचे कार्यक्रम थांबले. आसपास इस्पितळं आहेत, तेही खरंच. मथुरादास मिलच्या आवारातलं ब्लू फ्रॉग, बँड वाजवायचे तो क्लब, २०१६ ला बंद झालं तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मी हसलो नव्हतो, आठवतं? जागा गेली की काय होतं ते गिरणगावातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि तुमचं ते मराठी गाणं, चाळीच्या जिन्यावरचं. मधे तू सगळं थांबवून नुसती ड्रमच्या कडेवर टकटक करतेस. ते अण्णांचं आहे. तू त्यांना ठेका धरताना पाहिलं होतंस, मांडीवर. मी खालच्या रांगेत होतो आणि मला डोळे पुसावे लागले.

आईने चकल्या निळ्या डब्यात दिल्यात, सगळ्यांना वाट. काठ्यांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात मी एक छोटी डबी ठेवली आहे. रागावू नकोस. परत आलीस की कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, मी बाहेर बसेन, आत येणार नाही.

बंगळुरूला उतरलीस की फोन कर. डाव्या कानाला धर, आणि माझा आवाज येतो का सांग.

तुझा,
बाबा