मराकसला नेऊन जिरा राईस खायला घातल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वेस्ट इंडीज क्रिकेट सहल, जुलै 2023. मराकस बीचवरचे ठरलेले दुपारचे जेवण न दिल्याबाबत.

सहल तुमची, कार्यक्रमपत्रिका तुम्हीच छापलेली, तेव्हा पहिल्यापासून सांगत बसत नाही. तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसलो.

त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी संपली की दुसऱ्या दिवशी मराकस बीच आणि तिथल्या प्रसिद्ध हॉटेलात ‘बेक अँड शार्क’ (तळलेल्या पावात शार्क मासा), असं पत्रिकेत आहे. शेजारी त्या हॉटेलच्या काउंटरचा रंगीत फोटोही आहे. मी तो बघताक्षणी ओळखला, कारण 2007 च्या वर्ल्ड कपला मी तिथे जेवलोय. त्या वर्षी क्वीन्स पार्क ओव्हलवर आपण आधी बांगलादेशकडून हरलो, मग श्रीलंकेकडून हरलो आणि गाशा गुंडाळला. मधे बर्म्युडाविरुद्ध 413 धावा कुटल्या, त्यांचं काय लोणचं घालायचं? त्या अख्ख्या दौऱ्यात मन भरलं ते फक्त या हॉटेलात. म्हणून बुकिंग करताना तुमच्या माणसाला फोटोवर बोट ठेवून विचारलं, हेच ना? ‘हेच सर, शंभर टक्के.’ त्या शंभर टक्क्यांवर मी दोघांचे पैसे भरले.

कोहलीचं शतक बघायला मिळालं. पाचव्या दिवशी पावसाने एक चेंडू पडू दिला नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाऊस तुमच्या हातात नव्हता. जेवण होतं.

डोंगरातला वळणावळणाचा रस्ता उतरून बस मराकसला पोचली, पार्किंगला लागली आणि डिकीतून क्रेट निघाले. जिरा राईस, डाळ, बटाट्याची सुकी भाजी, फॉइलमध्ये ठेपले, माणशी एक गुलाबजाम. ज्यांना हेच हवं होतं त्यांना दिलंत, उत्तम केलंत. पण ज्यांना नको होतं त्यांना टूर मॅनेजरने बजावलं की पाऊण तासात बस सुटेल, ग्रुप सोडून कुठे जायचं नाही. समोर हॉटेल दिसत होतं. दारात ही लांब रांग. तेलाचा आणि लसणाचा वास वाऱ्यावर थेट आमच्या ठेपल्यांपर्यंत येत होता.

काय चुकवलंत ते तुम्हाला माहीत असणारच, फोटो तुम्हीच छापलाय. तरी सांगतो. बेक कढईतून भटुऱ्यासारखा फुगून निघतो, चिरून त्यात गरम मासा घालतात आणि हातात देतात. पुढचं काम आपलं. कोबी, काकडी, अननसाच्या चकत्या, लसणाचा सॉस, चिंचेची चटणी, आणि ‘शॅडो बेनी’ची हिरवी चटणी. लांब, कातरल्या कडांचं पान, वास आपल्या कोथिंबिरीच्या दुप्पट. तिथले भारतीय वंशाचे लोक त्याला बंधनिया म्हणतात. मिरचीचा सॉस मात्र जपून. मी वेंगुर्ल्याचा असून दुसरा चमचा घेत नाही.

आता आजचा फोन. आधी बराच वेळ सनई. मग एक मुलगी.

‘सर, तुम्हाला जेवण मिळालं नव्हतं का?’
मिळालं.
‘पुरेसं होतं ना?’
होतं.
‘मग सर, पोट भरलं होतं ना?’

पोट भरायला मी अर्धी पृथ्वी ओलांडून गेलो होतो का? हे मी विचारलं. त्यावर तिने ‘सिनियर’ना जोडून दिलं. सिनियरांनी थेट ‘काका’वर उडी मारली.

‘काका, तिथे शार्क देतात. शार्क! आपल्या लोकांना चालत नाही, म्हणून कंपनीने तुमचीच काळजी घेतली.’

मी म्हटलं, आमच्याकडे मोरीचं मटण करतात, लहानपणापासून खातोय.

थोडी शांतता. मग, ‘मोरी म्हणजे... बाथरूमची?’

मोरी म्हणजे शार्कच, आमच्या कोकणात तिला मोरी म्हणतात. पाठीमागे कोणीतरी हसलं. ते मला स्पष्ट ऐकू आलं. तुमचे कॉल ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड होतात म्हणे, तेव्हा तुम्हीही ऐका.

आणि ‘आपल्या लोकांना चालत नाही’ म्हणजे काय? 1845 साली फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर त्रिनिदादला उतरले. आज तिथे सकाळी नाक्यानाक्यावर दोन बाऱ्यांत (मऊ तळलेल्या पुऱ्यांत) छोले घालून ‘डबल्स’ विकतात, त्यावर चिंचेची चटणी. त्यांना सगळं चालतं. फक्त तुमच्या बसमध्ये चालत नाही.

शेवटी सिनियरांनी पुढच्या सहलीवर पाचशे रुपये सूट देऊ केली. पुढच्या! सासऱ्यांची काशीयात्रा तुमच्याकडूनच झाली होती, तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्या कंपनीचं नाव निघालं नाही. आता तुमचं निघणार नाही.

मला पाचशेची सूट नको. जे जेवण फोटो छापून विकलंत आणि दिलं नाहीत, त्याचे दोघांचे पैसे परत हवेत. आणि तो फोटो पत्रिकेतून काढा. आजही तुमच्या वेबसाइटवर आहे, मी मघाशीच बघितला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. हेलपाटे तुमच्या वकिलाने घालायचे, मी नाही. पत्रिका, पावती आणि त्या क्रेटचे फोटो जपून ठेवलेत.

फोन करू नये. जे काही असेल ते लेखी कळवावे.

आपला माजी ग्राहक