विणकरांच्या घरातून

लंडन

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

आमचा डिझाइन स्टुडिओ आता स्पिटलफील्ड्स भागातल्या एका जुन्या घरात हलला. घर 1720च्या दशकातलं, नीट दुरुस्त केलेलं. बाबा, तुम्ही हे बघायलाच हवं. फ्रान्सच्या राजाने 1685 मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा तिथले रेशीम विणकर पळून आले आणि इथे वसले. पुढे त्यांनी नि रेशमाच्या व्यापाऱ्यांनी गजबजलेल्या या गल्ल्या. आपला खड्डामाग जमिनीत, यांचे माग थेट माळ्यावर! उजेडासाठी तिथे जवळजवळ भिंतभर खिडक्या. इमारत संरक्षित, त्यामुळे साधी काच बदलायची तरी परवानगी काढा. थंडी अशी आत शिरते की आई, तू विणलेल्या हातमोज्यांची बोटं कापून मी ते घालून काम करते. रागावू नकोस.

गंमत ऐका. 1719 मध्ये इथले विणकर रस्त्यावर उतरले आणि छापील सुती कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडू लागले. ते कापड मुख्यतः हिंदुस्थानातून यायचं, रेशमापेक्षा स्वस्त. शेवटी 1721 मध्ये संसदेने ते वापरण्यावर बंदीच घातली. पॉवरलूमच्या ‘पैठणी’ला तुम्ही नुसत्या शिव्या तरी देता!

कोपऱ्यावर, ब्रिक लेनला, एक इमारत आहे. 1743 मध्ये फ्रेंचांचं चर्च म्हणून बांधली, 1898 मध्ये ज्यूंचं प्रार्थनास्थळ झाली, 1976 पासून मशीद. आजूबाजूला सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिल्हेट भागातल्या लोकांची हॉटेलं. दारात उभे राहून हाका मारतात. सुकट सोडून सगळं मिळतं म्हणत होते, तर परवा तीही दिसली.

ही घरं सहज वाचलेली नाहीत. 1977 मध्ये जवळच्या एल्डर स्ट्रीटवरची दोन घरं पाडायला काढली, तर काही मंडळी आत जाऊन ठाण मांडून बसली. त्यांचे उपकारच. पण आता विणकर सोडा, आमच्यासारख्या पगारदारालाही इथे राहणं परवडत नाही. वाचवलेलं घर शेवटी श्रीमंतांच्या हाती गेलं, हे मला खटकतं.

दादा म्हणाला, दिवाळीनंतर आपल्या घरावर स्लॅब टाकायचाय. टाका, पावसाळ्यात गळतंच. फक्त मागाच्या खोलीची खिडकी बुजवून ट्यूबलाइटवर भागवू नका. दादाला भिंतीची मापं पाठवायला सांगा, मी मोठ्या खिडकीचं चित्र काढून पाठवते. येवल्याच्या सुताराला जमेल असंच काढीन.

तुमची,
मुक्ता